डिजिलॉकर वेगळं, डिजियात्रा वेगळं (आणि गॅलरीतला फोटो त्याहून वेगळा)

गेल्या महिन्यात मावशीला एअरपोर्टवर सोडायला गेलो होतो. तिचा पहिलाच विमानप्रवास, लेकीकडे बंगळूरला चाललेली. निघताना दोनदा विचारलं, मावशी आयडी घेतलंस ना, तर म्हणे "हो रे, ते डिजी का काय ते धाकट्याने मोबाईलमध्ये टाकून दिलंय". गेटवर फोन उघडला तर डिजी-बिजी काही नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला आधार कार्डाचा फोटो, तोही तिरका, एका कोपऱ्यात धाकट्याचा अंगठा. गेटवरच्या जवानाने बघितलं आणि शांतपणे म्हणाला, "माताजी, ओरिजिनल दिखाइए."

ओरिजिनल घरी, कपाटात, साड्यांच्या खाली. मग तिथेच बाजूला उभं राहून तिच्या फोनवर डिजिलॉकर (कागदपत्रांचं सरकारी अ‍ॅप) टाकायला घेतलं, तर ओटीपी जाणार आधारला जोडलेल्या नंबरवर, तो नंबर काकांचा, आणि काका दुपारचे झोपलेले. चौथ्यांदा फोन केला तेव्हा उचलला, चष्मा शोधला, मग एकेक आकडा वाचून दाखवला. मावशी आत गेली एकदाची. पण येताना लक्षात आलं की हा गोंधळ फक्त तिचा नाही, आपल्या फॅमिली ग्रुपवर निम्म्या लोकांना डिजिलॉकर आणि डिजियात्रा एकच वाटतं.

तर डिजिलॉकर म्हणजे कागदपत्रं ठेवायचं पाकीट, सरकारी. 2015 पासून आहे. त्यात आधार, लायसन्स, पॅन थेट त्या त्या खात्याकडून येतं, म्हणून त्याला ओरिजिनलइतकीच किंमत आहे, 2017 मध्ये नियमात तसं घालूनच दिलंय. पण इथे एक मेख आहे. डिजिलॉकरमध्ये दोन कप्पे असतात, एक 'इश्यूड' म्हणजे खात्याने दिलेलं आणि एक आपण स्वतः स्कॅन करून अपलोड केलेलं. किंमत आहे ती पहिल्या कप्प्याला. दुसऱ्यात टाकलेला फोटो म्हणजे परत तो अंगठावाला फोटोच, फक्त जागा बदललेली. बरेच जण आपल्या हाताने फोटो अपलोड करतात आणि झालं म्हणतात, मीपण पहिल्यांदा तेच केलं होतं.

आणि देशातल्या देशात उडायला आधारच पाहिजे असंही काही नाही हां. पासपोर्ट, मतदार कार्ड, पॅन, लायसन्स, सरकारी नोकरीतलं ओळखपत्र, यातलं फोटो असलेलं एक पुरतं. मोबाईलवर दाखवायचं तर एमआधार (आधारचंच सरकारी अ‍ॅप) पण चालतं. आईबापाकडे ओळखपत्र असेल तर त्यांच्यासोबतच्या तान्ह्या बाळाला गेटवर वेगळं ओळखपत्र लागत नाही, पण विमान कंपनी त्याच्या वयाचा पुरावा मागू शकते.

आता डिजियात्रा, म्हणजे विमानतळावर चेहरा ओळखून आत सोडणारं अ‍ॅप. यात दाखवायचं काही नसतंच, आपलं तोंडच ओळखपत्र. डिसेंबर 2022 मध्ये दिल्ली, बंगळूर आणि वाराणसीला सुरू झालं, पुण्याला मार्च 2023 मध्ये आलं, मुंबईला त्यानंतर काही महिन्यांनी. अ‍ॅपमध्ये आधार जोडायचं, सेल्फी काढायचा, मग प्रत्येक प्रवासाला वेब चेक-इन करून बोर्डिंग पास त्यात टाकायचा. हे शेवटचं लोक विसरतात! एकदा रजिस्टर केलं म्हणजे जन्मभराचं काम झालं असं वाटतं, आणि मग कॅमेऱ्यासमोर उभे राहतात, गेट काही उघडत नाही, मागे लाईन खोळंबलेली. पास टाकलेला असेल तर एंट्रीला आणि सिक्युरिटीच्या आधीच्या गेटवर चेहरा दाखवला की दार उघडतं. अंगझडती आणि बॅगेचं स्कॅनिंग मात्र सगळ्यांसारखंच, त्यातून सुटका नाही.

गंमत म्हणजे डिजियात्रात आधार जोडताना ते डिजिलॉकरमधूनच उचललं जातं, म्हणजे पाकीट आधी, गेट नंतर. त्यामुळेच दोघांची सरमिसळ होत असणार. पण चालवणारे वेगळे. डिजिलॉकर सरकारी खात्याचं, डिजियात्रा एका ना-नफा कंपनीचं, ज्यात विमानतळ प्राधिकरणाचा 26 टक्के हिस्सा आणि बाकीचा दिल्ली, मुंबई, बंगळूर, हैदराबाद, कोची या पाच विमानतळांचा. माहिती आपल्याच फोनमध्ये राहते आणि विमानतळाकडे गेलेली 24 तासांत पुसली जाते असं ते सांगतात. ज्याला तोंडाचा फोटो द्यायचा नाही त्याने देऊ नये, सक्ती नाहीये, कोणी "इकडून या" म्हटलं तरी साध्या लाईनीत जाऊन कार्ड दाखवता येतं. मी स्वतः वापरतो, सकाळच्या फ्लाईटला लाईन बघितली की तत्त्वं जरा ढिली होतात.

आपल्याकडे खरी गोची होते ती नावाची. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं तीन मजली, आणि तिकीट काढणाऱ्याने मधलं नाव गाळलेलं, किंवा आडनाव आधी टाकलेलं. त्यात बायकांचं तर विचारू नका, आधारवर माहेरचं नाव, तिकिटावर सासरचं, मधलं नावसुद्धा बदललेलं. गेटवरचा माणूस तोंडाकडे बघून, दोन प्रश्न विचारून सोडेल एकवेळ, अ‍ॅप कसलं ऐकतंय, ते बोर्डिंग पास घेतच नाही. म्हणून तिकीट काढतानाच आधार समोर ठेवायचं आणि अक्षर न अक्षर तसंच टाकायचं.

परदेशी जायचं तर हे दोन्ही विसरा, पासपोर्ट हातात पाहिजे, खराखुरा. नेपाळला पासपोर्ट लागत नाही हे अर्धं खरं, पासपोर्ट नसेल तर मतदार कार्ड लागतं. पशुपतिनाथाला ग्रुपने जाणारे आपले लोक इथेच अडकतात, कारण सगळ्यांच्या खिशात आधार असतं आणि नेपाळच्या विमानाला आधार चालतं ते 15 च्या आतल्या आणि 65 च्या वरच्यांना. म्हणजे आजीला आणि नातवाला सोडतील, मधल्या पिढीला थांबवतील.

मावशी परवा परत आली. डिजिलॉकर आता तिच्या फोनमध्ये आहे, सहा आकडी पिन तिने फोनच्या कव्हरच्या आत चिठ्ठीवर लिहून ठेवलाय (काय बोलणार). आणि येताना गेटवर काय दाखवलं विचारलं तर पर्समधून प्लास्टिकच्या पिशवीत घातलेलं आधार कार्ड काढलं, लेकीने काकांकडून कुरियरने मागवून घेतलं होतं.