तुटलेला मॅनिफोल्ड स्टड: इझी-आउट लावायच्या आधी एवढं वाचा

एग्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करणारा नळ्यांचा भाग, ज्या आटे पाडलेल्या दांड्यांवर नटांनी आवळलेला असतो ते स्टड. असा स्टड तुटलेली गाडी आली की आम्ही आधी एकच बघतो: भोकात नुसता स्टड आहे, की स्टडच्या पोटात मोडका इझी-आउटही आहे? (इझी-आउट म्हणजे तुटलेल्या तुकड्यात भोक पाडून, त्यात उलटा फिरवून तुकडा काढायचं निमुळतं हत्यार.) नुसता स्टड असेल तर बहुतेक वेळा हेड (इंजिनाचा वरचा भाग, ज्यात स्टड बसतात) न उतरवता काम गाडीवरच होतं आणि गाडी संध्याकाळपर्यंत परत जाते. इझी-आउट मोडलेला असेल तर बहुधा हेड खाली येतं. मग कूलंट काढा, टायमिंगचा पट्टा किंवा साखळी खोला, हेड गॅस्केट नवं घाला. पुष्कळ इंजिनांत हेड बोल्टही नवेच लागतात, कारण ते एकदाच ताणायचे असतात. तासा-दोन तासांच्या कामाचे तीन-चार दिवस होतात आणि बिलही तसंच वाढतं.

स्टड मुळात तुटतो का, हे गॅरेजवाल्यांना माहीतच आहे. स्टड पोलादी, हेड अॅल्युमिनियमचं, आणि तापल्यावर अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. गरम-गार होता होता आट्यांत गंज आणि पांढरी भुकटी घट्ट बसते. मॅनिफोल्ड लांबीत वाढतो-आकसतो, म्हणून बहुधा दोन टोकांचे स्टड आधी जातात. कोकणात खाऱ्या हवेवर राहिलेल्या गाड्यांना हा त्रास जास्त.

आता इझी-आउटबद्दल. हत्यार वाईट नाही, जागा चुकते. स्टडवर पाना लावून जोर केलात आणि तो फिरण्याऐवजी पिळून तुटला, याचा अर्थ आटे इतके जाम आहेत की पूर्ण जाडीच्या दांड्यालाही ते सुटले नाहीत. त्याच स्टडमध्ये ४-५ मिमीचं भोक पाडून त्याहून बारीक इझी-आउट घालायचा आणि आटे सुटतील म्हणायचं, हा हिशेब जुळत नाही. दांडा निम्म्या जाडीचा झाला की पीळ सोसायची ताकद निम्मी नाही, आठवा हिस्सा उरते. इझी-आउट कडक असल्यामुळे थोडं जास्त सोसतो, पण वाकत नाही, एकदम तडकतो. शिवाय तो निमुळता. जितका आत शिरेल तितका पोकळ झालेल्या स्टडची भिंत बाहेर दाबून आटे आणखी आवळतो.

मग चालतो कुठे? जिथे आटे मोकळे आहेत तिथे. नवा बोल्ट जास्त आवळताना डोकं उडालं आणि उरलेला तुकडा टोकदार पंचाने कडेला टिचकी मारली की हलतो, अशा ठिकाणी खुशाल लावा. टिचकीने तसूभर हलला नाही तर इझी-आउट पेटीतच राहू द्या.

आमची पहिली पद्धत नट वेल्ड करायची. एम ८ चा, म्हणजे ८ मिमी जाडीचा, स्टड असेल तर त्यावर एम १० चा, झिंक प्लेटिंग नसलेला साधा नट ठेवतो. भोक मोठं असल्याने वेल्डिंगची तार थेट स्टडच्या मध्यावर जाते. तिथून सुरुवात करून नटच्या आतल्या भिंतीपर्यंत तीन-चार सेकंदात भरून घेतो. स्टड हेडच्या पातळीला किंवा जरा आत तुटला असेल तर आधी त्याच्यावरच वेल्डचा ठिपक्यावर ठिपका देत उंचवटा वर आणतो, मग वॉशर, मग नट. लोखंडाचं वेल्ड अॅल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे नेम असला तर आटे वाचतात.

इथे खरं काम उष्णता करते. लाल झालेला तुकडा फुगू बघतो, आजूबाजूचं हेड त्याला फुगू देत नाही, आणि गार होताना तो आधीपेक्षा बारीक होऊन गंजाची पकड सोडतो. म्हणून लाली जाईपर्यंत थांबायचं, मेणबत्ती टेकवून मेण आट्यांत ओढू द्यायचं, आणि मग पाना. तोही आधी किंचित आवळण्याच्या दिशेने, मग सोडण्याच्या, पाव-पाव फेरा मागेपुढे. पाणी मारून गार करायचं नाही. नट उखडला तर दुसरा लावतो. तीन-चार नट उखडणं रोजचं आहे, प्रत्येक खेपेला तुकडा आणखी एकदा तापलेला असतो. वेल्डिंगआधी बॅटरीची मायनस तार आणि ईसीएमचे (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचे) कनेक्टर काढतो. थोडा वेळ जातो, पण ईसीएमची किंमत बघता तो घालवलेला बरा.

ड्रिल शेवटी. तुटलेलं तोंड आधी सपाट करायचं, नाहीतर पंच घसरतो, आणि पंच १ मिमी सरकला तरी ड्रिल मऊ अॅल्युमिनियमकडे पळतं. आम्ही मॅनिफोल्डच्याच भोकात बसणारा बुश (ड्रिलला सरळ धरणारी नळी) घालून त्यातून ३.३ मिमीचं ड्रिल सरळ उतरवतो. मग ५, मग ६.५. एवढ्यावर स्टडचे उरलेले आटे स्प्रिंगसारखे सुटून येतात, ते अणकुचीदार पंचाने ओढून काढायचे आणि १.२५ पिचचा (दोन आट्यांत १.२५ मिमी अंतर असलेला) टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवायचा. ड्रिलवर खोलीची खूण म्हणून टेप गुंडाळतो, कारण काही हेडांत स्टडच्या मागे लगेच पाण्याची वाट असते. भोक आधीच वाकडं झालं असेल तर ८.३ चं ड्रिल, हेलिकॉइलचा (खराब आट्यांच्या जागी बसवायच्या तारेच्या कॉइलचा) टॅप आणि १२ किंवा १६ मिमी लांबीची कॉइल.

मोडका इझी-आउट निघतो, नाही असं नाही. स्पार्क मशीनवर तांब्याच्या इलेक्ट्रोडने तो जाळून काढावा लागतो, हेड टेबलावर बांधून. हाताने कार्बाइड ड्रिल मारलं तर तेही मोडतं आणि एकाचे दोन होतात. तुरटीच्या उकळत्या पाण्याबद्दल हमखास विचारलं जातं. पोलाद विरघळतं हे खरं, पण फार सावकाश. बारीक सुट्या भागात मोडलेल्या छोट्या टॅपला ठीक, अख्खं हेड किती दिवस उकळणार?

“दहा मिनिटांत तर निघाला, मग एवढे पैसे?” असं गिऱ्हाईक विचारतं. आमचा दर एका स्टडमागे आहे, मिनिटामागे नाही. दोन तास लागले तरी तोच असतो. ड्रिल केलेल्या किंवा इझी-आउट मोडलेल्या स्टडचा दर मात्र बघूनच सांगतो, फोनवर नाही. आणि एक तुटला की बाकीचेही बदला असं सुचवतो, कारण ते त्याच वयाचे आहेत आणि मॅनिफोल्ड उघडलेलाच आहे. उष्णता सोसणारे स्टड, तांब्याचा मुलामा दिलेले नट आणि आट्यांना लावायची कॉपर पेस्ट आमच्याकडे मिळते. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट या जागी घालू नका.

येण्याआधी व्हॉट्सअॅपवर समोरून एक आणि बाजूने एक असा फोटो पाठवा. इंजिन कोणतं, कितवा स्टड, किती मिमी बाहेर आहे, ड्रिल मारलंय का, तेही लिहा. आत इझी-आउट आहे का याची खात्री नसेल तर बारीक कानस टोकावर फिरवा. स्टडला ती चावते आणि चकचकीत ओरखडा उठतो. इझी-आउटवरून कर्कश आवाज करत नुसती घसरते. घसरली तर पुढे काही न करता तसंच घेऊन या.