पेनिसिलिन आले आणि लस अडगळीत गेली

लस घेऊनही न्यूमोनिया झाला आणि रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर ती लस वायाच गेली म्हणायची का? प्रश्न रास्त आहे. पण त्याच्या उत्तरासाठी शंभरेक वर्षे मागे, दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत जावे लागते.

तिथे उत्तरेच्या उष्ण प्रदेशांतून आणलेले कृष्णवर्णीय मजूर दाटीवाटीच्या बराकींत राहत आणि न्यूमोनियाने पटापट मरत. खाणमालकांना घोर लागला (मजुरांपेक्षा मजुरांच्या पुरवठ्याचा, असे म्हणायला हरकत नाही) आणि त्यांनी लंडनहून जंतुशास्त्रज्ञ आल्मरॉथ राइट यांना बोलावले. १९११ मध्ये राइट यांनी न्यूमोनिया घडवणाऱ्या न्यूमोकोकस या जंतूची, मेलेल्या जंतूंपासून केलेली लस हजारो मजुरांना टोचली. गुण आला की नाही, हे काही धड ठरले नाही. या जंतूचे अनेक प्रकार असतात आणि एकाविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्याला रोखतेच असे नाही, हे राइट यांनी हिशेबात धरलेच नव्हते.

ती चूक दुसऱ्या महायुद्धात सुधारली. साउथ डकोटातल्या लष्करी हवाई प्रशिक्षण केंद्रात कॉलिन मॅक्लाउड (आनुवंशिक गुण डीएनए वाहून नेतो, हे दाखवणाऱ्यांतले तेच) आणि सहकाऱ्यांनी जंतूभोवतीच्या शर्करेच्या कवचातून चार प्रकारांविरुद्धची लस बनवली. सुमारे साडेआठ हजार जवानांना ती दिली, जवळजवळ तितक्यांनाच दिली नाही. लसवंतांमध्ये त्या चार प्रकारांचा न्यूमोनिया जवळपास थांबला. लस बाजारात आली, पण तोवर पेनिसिलिनही आले होते. बरे करणारे औषध हाताशी असताना लस कोण टोचून घेणार? १९५४ मध्ये ती बाजारातून गेली.

तिला परत आणले ते रॉबर्ट ऑस्ट्रियन या अमेरिकी डॉक्टरांच्या चिकाटीने. ब्रुकलिनच्या किंग्ज काउंटी रुग्णालयात ते वर्षानुवर्षे न्यूमोनियाच्या रुग्णांची नोंद ठेवत होते. १९६४ मध्ये त्यांनी जेरोम गोल्ड यांच्यासह मांडलेला निष्कर्ष अनेकांच्या पचनी पडला नाही: जंतू रक्तात उतरलेल्या रुग्णांपैकी जे पहिल्या पाच दिवसांत दगावतात, त्यांना पेनिसिलिनही वाचवत नाही. म्हणजे दाखल होण्याआधीच काहीतरी करायला हवे. पुन्हा त्याच खाणींत चाचण्या झाल्या. १९७७ मध्ये अमेरिकेत १४ प्रकारांच्या लसीला परवानगी मिळाली, १९८३ मध्ये २३ प्रकारांच्या.

मग सुरुवातीचा प्रश्न पुढे आला. २००६ मध्ये अमेरिकेतल्या न्यूमोनियाने दाखल झालेल्या ६२,९१८ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे १२ टक्क्यांनीच आधी लस घेतल्याची नोंद होती. त्यांच्यात मृत्यूची शक्यता निम्म्यावर होती आणि मुक्कामही सरासरी दोन दिवसांनी कमी. पुढच्या वर्षी कॅनडातूनही त्याच दिशेचे आकडे आले. मात्र इथे जपून वाचायला हवे. वेळेवर लस घेणारा माणूस एरवीही प्रकृतीला जपणारा असतो. त्यामुळे श्रेय लसीचे किती आणि त्या सवयींचे किती, हे अशा नोंदींतून पुरते सुटत नाही.

नेदरलँड्समध्ये पासष्टीच्या पुढच्या ८४,४९६ जणांवर १३ प्रकारांच्या नव्या लसीची चाचणी चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून झाली. २०१५ च्या तिच्या निकालात लसीतल्या प्रकारांचा न्यूमोनिया सुमारे ४५ टक्क्यांनी घटला. कोणत्याही कारणाने झालेल्या एकूण मृत्यूंत मात्र फरक दिसला नाही.