मुरादबक्षचा रुपया : वारसायुद्धातलं एक नाणं

मुघल राज्यात बादशहा कोण, हे रयतेला दोन गोष्टींवरून कळायचं: शुक्रवारच्या खुत्ब्यात (नमाजाच्या वेळच्या प्रवचनात) कोणाचं नाव आणि रुपयावर कोणाचा शिक्का. त्यामुळे हिजरी १०६८ (इ.स. १६५७-५८) सालचा, एका बाजूला कलमा (इस्लामचं श्रद्धावचन) आणि दुसऱ्या बाजूला ‘मुहम्मद मुरादबक्ष बादशाह गाझी’ असा मजकूर असलेला चांदीचा रुपया म्हणजे उघड बंडच होतं. मुरादचा बाप, बादशहा शाहजहान, अजून जिवंत होता.

सप्टेंबर १६५७ मध्ये शाहजहान दिल्लीत आजारी पडला आणि झरोक्यातलं रोजचं दर्शन बंद झालं. बादशहा गेलाच, अशी आवई उठली. त्याच्या चार मुलांपैकी दारा बापाजवळ, शुजा बंगालात, औरंगजेब दख्खनेत आणि धाकटा मुराद गुजरातेत सुभेदार. मुराद लढवय्या, पण डोक्याने तापट. आपला दिवाण अली नकी फितूर झालाय, या संशयावरून त्याने त्याला स्वतःच्या हाताने मारलं. डिसेंबरात अहमदाबादेत तख्तावर बसून तो मोकळा झाला. अहमदाबाद, सुरत आणि खंबायतच्या टांकसाळींत त्याच्या नावाचे रुपये पडू लागले. तिकडे शुजानेही राजमहालात हेच केलं. औरंगजेबाने मात्र घाई केली नाही.

नाणं पाडायला चांदी लागते, आणि फौज पोसायला तर त्याहून जास्त. म्हणून मुरादचा पहिला डोळा सुरतेवर. युरोपीय आणि अरबी व्यापाऱ्यांची परकी नाणी तिथल्या टांकसाळीत वितळून त्यांचे रुपये होत. अशी टांकसाळ हाती असणं म्हणजे अर्धी लढाई. त्याच्या माणसांनी सुरुंग लावून किल्ला घेतला आणि व्यापाऱ्यांकडून पाच लाख ‘कर्ज’ उकळलं. त्यात विरजी व्होरा हा बडा सावकार होता. पुढे १६६४ साली शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा फटका बसलेल्यांत हाच विरजी होता.

हे रुपये फार काळ पडले नाहीत. धरमत आणि सामूगढ इथल्या लढाया मुराद औरंगजेबाच्या बाजूने लढला. जून १६५८ मध्ये मथुरेजवळ औरंगजेबानेच त्याला मेजवानीला बोलावून कैद केलं. पुढच्या वर्षी औरंगजेबाने नाण्यांवरचा कलमाही बंद करवला. मुरादला १६६१ च्या डिसेंबरात ग्वाल्हेरच्या किल्ल्यात मारलं, तेही बंडखोर म्हणून नव्हे, तर अली नकीच्या खुनाची सजा म्हणून.