मूळ कुणाचं, शेंडा कुणाचा?

कोकणातल्या रोपवाटिकेत जाऊन ‘हापूसचं रोप द्या’ म्हटलं, की माळी हमखास दुरुस्ती करतो: रोप नाही, कलम. गिऱ्हाइकाला हा शब्दांचा कीस वाटतो. माळ्याचं बरोबर असतं. रोप म्हणजे बी रुजून आलेलं झाड. हापूसची कोय पुरली तर तिच्यातून हापूस येत नाही, कारण मोहरावर बसलेल्या माशीने कुठल्या झाडाचा पराग आणला होता हे कुणालाच ठाऊक नसतं. कोयीतलं पिल्लू आईसारखं थोडं आणि अज्ञात बापासारखं थोडं निघतं. त्यालाच आपण रायवळ म्हणतो. कलम म्हणजे मूळ हापूसच्याच शरीराचा तुकडा, नव्या जागी वाढवलेला.

इथे एक गैरसमज आधी बाजूला सारू. कलमी झाडाला सर्रास ‘हायब्रीड’ म्हटलं जातं. संकर होतो तो फुलात, दोन जातींच्या मीलनातून. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 1981 साली आणलेला ‘रत्ना’ हा नीलम आणि हापूस यांचा संकर. तो एकदा जन्मला आणि पुढे कलमांनीच वाढला. कलम करताना नवी जात तयार होत नाही, आहे ती जशीच्या तशी पुढे जाते. तिच्यासोबत आजारही जातात, हे मात्र विकणारा सांगत नाही. डाळिंबाचा तेल्या रोग नव्या बागेत शिरतो तो बऱ्याचदा रोगट बागेतल्या गुट्यांबरोबर, म्हणजे फांदीला झाडावरच मुळं फोडून केलेल्या कलमांबरोबर.

सगळ्यात साधी पद्धत छाट कलमाची. जास्वंद, मोगरा, अंजीर यांची फांदी कापून मातीत खोचायची. फांदीच्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं आणि ते खालच्या दिशेने वाहतं. खाली काप दिला की वाट संपते, ऑक्सिन तिथेच साचतं आणि तिथल्या पेशी मुळं धरू लागतात. दुकानात मिळणारी मुळं फुटण्याची पावडर हे याच रसायनाचं कृत्रिम भावंड. काडी उलटी खोचली तरी तिला तिचा शेंडा कुठला ते ‘आठवतं’, त्यामुळे ती नीट रुजत नाही. म्हणूनच जाणते माळी काडीचा खालचा काप तिरका आणि वरचा सरळ ठेवतात. शेकडो काड्यांच्या ढिगात चूक होऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू.

गुटी कलम ही मला या सगळ्यांत सर्वांत हुशार युक्ती वाटते. डाळिंबाच्या फांदीवरची दोन-तीन सेंटिमीटर साल गोलाकार काढायची, तिथे ओलं शेवाळ गुंडाळायचं आणि वरून प्लॅस्टिक घट्ट बांधायचं. पाणी आतल्या लाकडातून वर चढतं, ते चालूच राहतं. पानांत बनलेली साखर आणि ऑक्सिन मात्र सालीतून खाली येतात, आणि सालच काढलेली असते. सगळा माल कापाच्या वरच्या काठावर अडून पडतो आणि मुळंही नेमकी त्याच काठावर फुटतात. फांदी आईच्या पाण्यावर जगत असतानाच स्वतःच्या पायावर उभी राहते. साल काढल्यावर उघडा पडलेला बुळबुळीत थर सुरीने खरवडला नाही, तर झाड आठवड्या-दोन आठवड्यांत नवी साल विणून पूल बांधतं आणि गुटी फसते.

तो बुळबुळीत थर म्हणजे कॅम्बियम, लाकूड आणि साल यांच्यामधल्या सतत विभागणाऱ्या पेशींचा पातळ पदर. पुढची सगळी कलमं या पदरावरच उभी आहेत. छाट आणि गुटीत मूळ आणि शेंडा एकाच झाडाचे. खरं कलम बांधताना मात्र दोन जीव जोडायचे असतात: खाली खुंट, वर काडी. कोकणातल्या कोय कलमात पावसाच्या तोंडाला रायवळच्या कोयी रुजत घालतात. कोंब दहा-पंधरा दिवसांचा, तांबूस आणि कोवळा असतानाच त्याचं डोकं उडवून मधोमध चीर देतात. हापूसची तीन-चार महिन्यांची काडी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवतात आणि पट्टीने आवळतात. जखमेतून दोन्हीकडच्या पेशी बेशिस्तपणे वाढून फट भरतात. मग समोरासमोर आलेले कॅम्बियम एकमेकांना भिडतात आणि नव्या नळ्या जुळतात. कॅम्बियमची कड कॅम्बियमला लागली नाही, तर कितीही घट्ट बांधा, काडी वाळते. त्याआधीचं भेट कलम, म्हणजे कुंडीतल्या खुंटाला झाडावरचीच फांदी न तोडता जोडणं, जास्त भरवशाचं होतं, कारण दोन्ही झाडं जुळेपर्यंत आपापल्या मुळांवर असायची. पण कुंड्या माचावर चढवून फांद्यांना बांधायच्या म्हणजे केवढा व्याप!

कलमाला लवकर फळ का येतं, तर काडी वयात आलेल्या झाडाची असते. खुंट पंधरा दिवसांचा, काडी मात्र मनाने पन्नास वर्षांची. म्हणून वीतभर कलमालाही कधी मोहर फुटतो. तो खुडून टाकावा लागतो.

खुंट निवडणं हे वेगळंच शास्त्र आहे. डहाणू-घोलवडकडे चिकूचं कलम चिकूवर नव्हे, खिरणीवर बांधतात. नाशिक-सांगलीची द्राक्षं डॉगरिज या मूळच्या टेक्सासच्या रानवेलीच्या खुंटावर उभी आहेत, कारण ती क्षार आणि पाण्याचा ताण सोसते. एकोणिसाव्या शतकात फायलोक्झेरा किडीने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले, तेव्हाही अमेरिकन वेलींच्या मुळांनीच ते वाचवले. नागपूरकडे संत्र्याचा डोळा, म्हणजे सालीसकट काढलेली फुटव्याची कळी, जंबेरी या लिंबाच्या जातीवर भरतात. जंबेरी बियांपासूनच लावतात, तरी खुंट एकसारखे मिळतात. लिंबूवर्गात एका बीत अनेक गर्भ असतात आणि त्यातले बरेचसे फलनाशिवाय, निव्वळ आईच्या पेशींतून तयार होतात. बी असूनही तो कलमासारखाच आईचा हुबेहूब अंश. रोपवाटिकेत वेगळीच दिसणारी, खुरटी रोपं उपटून टाकतात ती याचसाठी: ती संकरातून आलेली असण्याची शक्यता जास्त.

घेताना जोड पाहावा. संत्र्यात तो जमिनीपासून वीतभर तरी उंच हवा, नाहीतर ओल्या मातीतली बुरशी डोळ्यापर्यंत पोचते आणि खोडातून डिंक वाहू लागतो. जोडाखाली आलेली फूट खुंटाची असते. ‘आमचा गुलाब रानटी झाला’ ही तक्रार बहुतेकदा तिच्याचमुळे: वरचा गुलाब मेलेला असतो आणि खालचा खुंट जोमाने वाढत असतो.

केळी, ऊस, नारळ यांना हे जोडकाम लागू नाही. त्यांच्या खोडात तो कॅम्बियमचा पदरच नाही. केळीला मुनवे किंवा टिश्यू कल्चर, उसाला टिपरी आणि नारळाला नारळच. अशा एकदलींचं, म्हणजे बीत एकच दल असलेल्या वनस्पतींचं, कलम होत नाही असं पुस्तकं कायम सांगत आली. पण 2021 साली केंब्रिजच्या संशोधकांनी बियांतल्या कोवळ्या गर्भाच्या टप्प्यावर गहू आणि ओट जोडून दाखवले, केळीतही ते जमलं. रोगट मातीत तगणाऱ्या मुळांवर आपली नेहमीची केळी चढवता येईल, अशी आशा त्यातून निर्माण झाली आहे.