पवित्र भूमीची सामूहिक यात्रा

बायबलमध्ये उल्लेखिलेल्या स्थळांना वाटाड्याच्या सोबतीने गटाने दिलेली भेट म्हणजे पवित्र भूमीची सामूहिक यात्रा. मराठी ख्रिस्ती समाजात आणि पर्यटन व्यवसायातही तिला ‘होली लँड टूर’ असेच म्हणतात. इस्रायल, पॅलेस्टाईनचा पश्चिम किनारा (वेस्ट बँक), जॉर्डन आणि इजिप्त हा तिचा गाभा असतो. तुर्कस्तान आणि ग्रीस यांची यात्रा बहुधा वेगळी काढली जाते. एका बसमध्ये मावतील एवढी माणसे, सोबत एक धर्मगुरू किंवा पाळक, आयोजकांचा एक टूर मॅनेजर आणि प्रत्येक देशात बदलणारा स्थानिक गाइड अशी तिची रचना असते. स्थळे निवडताना आयोजक बायबल उघडतात. त्यांचा क्रम लावायची वेळ आली, की सीमेवरच्या चौक्या, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस म्हणजे शब्बाथ आणि विमानांची वेळापत्रके समोर घ्यावी लागतात. त्यामुळे येशूच्या कबरीचे दर्शन आधी आणि जन्मस्थानाचे नंतर, असे सर्रास घडते. मोशेचा मृत्यू झाला तो नबो डोंगर पहिल्या दिवशी आणि त्याला दहा आज्ञा मिळाल्या तो सीनाय शेवटच्या दिवशी, हेही नेहमीचेच.

पूर्वपीठिका

सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळात, चौथ्या शतकात, या यात्रांना खरी चालना मिळाली. त्याने जेरुसलेममध्ये बांधवलेल्या पवित्र कबरीच्या चर्चचा अर्पणविधी ३३५ मध्ये झाला. त्याच्या दोनच वर्षे आधी, ३३३ मध्ये, फ्रान्समधील बोर्दोहून निघालेल्या एका अनाम यात्रेकरूने वाटेतले मुक्काम, घोडे बदलण्याची ठाणी आणि त्यांच्यातील अंतरे नोंदवून ठेवली आहेत. त्याच शतकाच्या अखेरीस आलेल्या एगेरिया नावाच्या स्त्रीचे प्रवासवर्णन अधिक बोलके आहे. ती सीनाय चढली, वाटेत तेथील साधूंनी तिला स्थळे दाखवली आणि जिथे पोहोचेल तिथे तिने प्रार्थना करून बायबलमधला त्या जागेचाच उतारा वाचून घेतला, मग स्तोत्र म्हटले. आजची बस थांबल्यावर फादर जे करतात ते याहून फारसे वेगळे नाही.

पैसे एकरकमी भरायचे आणि बाकीचे आयोजकाने पाहायचे, ही पद्धत मात्र व्हेनिसची. पंधराव्या शतकात तेथील गलबतांचे मालक यात्रेकरूंशी लेखी करार करीत. जाण्यायेण्याचे भाडे, जेवण, जकाती, जाफा बंदराहून पुढे गाढवे असे सगळे त्यात येई आणि व्हेनिसचे सरकार या करारांवर देखरेख ठेवी. पवित्र भूमीत उतरल्यावर गट फ्रान्सिस्कन धर्मबंधूंच्या ताब्यात जाई. या संघाकडे पवित्र स्थळांची राखण १३४२ पासून पोपच्या मान्यतेने आहे. फेलिक्स फाब्री हा जर्मन भाषक धर्मगुरू १४८० आणि १४८३ अशा दोन वेळा येऊन गेला. यात्रेकरूंना रामला येथे वाचून दाखवलेले नियम त्याने लिहून ठेवले आहेत. पवित्र कबरीचे तुकडे फोडून नेऊ नयेत, भिंतींवर आपली कुलचिन्हे काढू नयेत, अशी बजावणी त्यांत आहे. बजवावे लागले, यावरून प्रवासी काय करीत असतील ते उघड आहे.

आधुनिक काळातील सहल टॉमस कुकने रूढ केली. मद्यपानविरोधी चळवळीतल्या या बाप्टिस्ट कार्यकर्त्याने १८४१ मध्ये लेस्टरहून लफबरोपर्यंत रेल्वेने माणसे नेली होती. १८६९ मध्ये, म्हणजे सुएझ कालवा खुला झाला त्याच वर्षी, त्याने पहिला गट इजिप्त आणि पॅलेस्टाईनला नेला. तंबू, खेचरे, स्वयंपाकी आणि ड्रॅगोमन म्हणून ओळखला जाणारा दुभाषी वाटाड्या असा त्याचा सरंजाम असे. १८९२ मध्ये जाफा-जेरुसलेम रेल्वे सुरू झाली. जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म १८९८ मध्ये जेरुसलेमला आला तेव्हाची व्यवस्थाही कुकच्या कंपनीकडेच होती. त्याच्या स्वागतासाठी जाफा दरवाज्यालगतची तटबंदी फोडण्यात आली. आज मोटारी त्याच भगदाडातून आत शिरतात.

मार्ग

भारतातून जाणारे गट सहसा अम्मान किंवा कैरोला उतरतात. जॉर्डनमध्ये नबो डोंगर, मादबा येथील सहाव्या शतकातला पवित्र भूमीचा फरशीवरचा नकाशा आणि जॉर्डन नदीच्या पूर्व तीरावरील अल-मगतस हे बाप्तिस्म्याचे स्थान पाहिले जाते. अल-मगतस २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. पेट्राचा येशूच्या चरित्राशी काही संबंध नाही, पण एवढ्या लांब येऊन पेट्रा न पाहता परतायला कोणी तयार नसते. पिरॅमिडांचेही तेच.

पुढे ॲलनबी पूल किंवा उत्तरेकडचा शेख हुसेन पूल ओलांडून गट इस्रायलच्या ताब्यातल्या भागात शिरतो. जॉर्डनची बस अलीकडे थांबते, मधला टप्पा सीमेवरच्या बसने पार होतो, पलीकडे दुसरी बस आणि दुसरा गाइड उभा असतो. मधल्या तपासणीत किती वेळ जाईल ते कोणीच सांगू शकत नाही, म्हणून जाणता टूर मॅनेजर त्या दिवशी दुपारपर्यंत दुसरे काही ठेवत नाही. बेथलेहेम पॅलेस्टिनी प्रशासनाच्या ‘अ’ क्षेत्रात येते. तिथे इस्रायली नागरिकांना जाण्यास मनाई आहे. गाइड इस्रायली असेल तर तो चौकीपाशी उतरतो आणि स्थानिक पॅलेस्टिनी गाइड बसमध्ये चढतो. काही मिनिटांच्या अंतराने तोच डोंगर, तीच इस्रायलने उभारलेली विभाजक भिंत दोन तऱ्हांनी समजावून सांगितली जाते. नीट ऐकणाऱ्याला या यात्रेत सर्वांत जास्त शिकवणारी जागा हीच वाटावी, पण कार्यक्रमपत्रिकेत तिची नोंद नसते.

गालील प्रांतात नासरेथ, काना, कफर्णहूम, तबघा आणि येशूने ‘धन्य ते’ अशी वचने सांगितली असे मानतात तो डोंगर ही स्थळे एकमेकांच्या जवळ आहेत. तिथला कार्यक्रम त्यामुळे सुटसुटीत होतो. येशूने लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला त्या कानाला विवाहित जोडपी लग्नाच्या वचनांची पुन्हा उजळणी करतात आणि बाहेरच्या दुकानांतून ‘कानाचा द्राक्षारस’ विकत घेतात. गालील सरोवर समुद्रसपाटीपासून सुमारे २१० मीटर खाली आहे. लाकडी होडीत गट बसला की गटाच्या देशाचा झेंडा चढवून राष्ट्रगीत लावण्याची तिथे प्रथा आहे. भारतीय गट असेल तर तिरंगा चढतो आणि येशूच्या सरोवरात सगळे ‘जन गण मन’साठी ताठ उभे राहतात. मग मध्यावर इंजिन बंद करून वादळ शमवल्याचा उतारा वाचला जातो. दुपारी तिबेरियसजवळ, येशूचा शिष्य पेत्र याच्या नावाने, पेत्राचा मासा म्हणून तळलेला, डोक्यासकट ताटात आलेला तिलापिया. कोकणी माणूस त्याच्याकडे बघून पापलेटची आठवण काढतो, पण खातो.

इजिप्तमध्ये जुन्या कैरोतील कॉप्टिक, म्हणजे इजिप्शियन ख्रिस्त्यांची चर्चे आणि सीनाय हे मुख्य. जेबेल मुसा या २,२८५ मीटर उंचीच्या डोंगरावर सूर्योदय गाठण्यासाठी मध्यरात्रीनंतर चढाई सुरू होते. जबालिया टोळीतले बेदुइन वाटाडे सोबत असतात. बराचसा रस्ता उंटावरून जाता येतो, शेवटच्या साडेसातशेच्या आसपास पायऱ्या मात्र प्रत्येकाला स्वतः चढाव्या लागतात. पायथ्याचा संत कॅथरीनचा मठ सहाव्या शतकात सम्राट जस्टिनियनने बांधवला. तो सकाळचे थोडेच तास उघडा असतो. साठीच्या पुढच्या प्रवाशांचा भरणा असलेल्या गटाने हा टप्पा घ्यावा की नाही, यावर आयोजकांत मतभेद आहेत. अनेक जण तो गाळतात, आणि त्यात चूक काही नाही.

जेरुसलेममधील दिवस

येशूने वधस्थानाकडे क्रूस वाहून नेला असे मानतात ती क्रुसाची वाट चालण्यासाठी गटाला पहाटे पाच-साडेपाचला बाहेर काढतात, कारण दुकाने उघडली की त्या अरुंद गल्लीत लाकडी क्रूस खांद्यावर घेऊन चालणे आणि मसाल्याच्या पोत्यांतून वाट काढणे एकाच वेळी जमत नाही. चौदा स्थानांपैकी नऊ रस्त्यावर आणि उरलेली पाच पवित्र कबरीच्या चर्चच्या आवारात मानली जातात. ही वाट पहिल्या शतकापासून जशीच्या तशी चालत आलेली नाही. स्थानांची भक्ती मुख्यतः युरोपात वाढली, चौदा हा आकडा १७३१ मध्ये पोप बारावा क्लेमेंट याने कायम केला आणि जेरुसलेममधला मार्ग यात्रेकरूंच्या अपेक्षेनुसार घडत गेला. चांगला गाइड हे लपवत नाही. सोबतचे फादरही सहसा लपवत नाहीत. चालणाऱ्यांच्या डोळ्यांतले पाणी त्याने आटत नाही.

पवित्र कबरीच्या चर्चमध्ये ग्रीक ऑर्थोडॉक्स, रोमन कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, सीरियन आणि इथिओपियन असे सहा पंथ आपापले हक्क सांभाळून आहेत. ऑटोमन काळातील फर्मानांनी, विशेषतः १८५२ च्या फर्मानाने, कोणाचे काय ते गोठवून टाकले. याला ‘स्टेटस को’ म्हणतात. दर्शनी भिंतीवरच्या खिडकीखाली एक शिडी अठराव्या शतकापासून उभी आहे, कारण ती कोणी हलवायची यावर एकमत नाही. दाराची किल्ली जौदेह आणि दार उघडण्याचा मान नुसेबा या मुस्लिम घराण्यांकडे आहे. आत शिरल्याबरोबर, येशूच्या देहाला पुरण्याआधी सुगंधी तेल लावले असे मानतात ती अभ्यंगशिळा लागते. सध्याची शिळा १८१० मधली आहे. आपल्याकडच्या बायका पिशवीतून रोझऱ्या, रुमाल, नातवंडांसाठी घेतलेली पदके, एखादीच्या घरी आजारी असलेल्या माणसाचा फोटो असे एकेक काढून त्या दगडावर टेकवतात, पुन्हा पिशवीत भरतात. कबरीच्या आत मात्र काही सेकंदच मिळतात, रांग तासाहून मोठी असू शकते.

प्रॉटेस्टंट गटांना ही गर्दी, धूप आणि दिवे फारसे मानवत नाहीत. त्यांच्या कार्यक्रमात दमास्कस दरवाज्याबाहेरची बागेतली कबर असते. १८८३ मध्ये ब्रिटिश सेनानी चार्ल्स गॉर्डनने जवळच्या खडकात कवटीचा आकार पाहिला आणि हीच गुलगुथा, म्हणजे येशूला क्रुसावर दिले ती जागा, असा आग्रह धरला. पुरातत्त्वज्ञ ही कबर येशूच्या काळाच्या कित्येक शतके आधीची मानतात आणि पुराव्याचा कौल जुन्या चर्चच्या बाजूने देतात. तरी शांतपणे बसून प्रभुभोजन घ्यायला बाग बरी, हे कॅथलिकांनाही मान्य व्हावे. अशी जोडस्थळे आणखीही आहेत. बाप्तिस्म्याचे स्थान नदीच्या दोन्ही तीरांवर दाखवतात आणि पुनरुत्थानानंतर येशू शिष्यांना दिसला ते अम्माऊस म्हणून तर निदान चार गावे पुढे येतात. गटाला कोणते दिसेल हे बऱ्याचदा आयोजकाच्या पंथावर आणि बसच्या रस्त्यावर ठरते.

शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ लागतो. हॉटेलातली एक लिफ्ट बटण न दाबता प्रत्येक मजल्यावर आपोआप थांबू लागते आणि नेमक्या त्याच लिफ्टमध्ये शिरलेला गट बाराव्या मजल्यावर पोहोचेपर्यंत अर्धी जपमाळ होते. ज्यूंना पवित्र असलेल्या पश्चिम भिंतीपाशी पुरुषांनी डोके झाकायचे, चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकायचे. अल-अक्सा मशीद असलेल्या हरम अल-शरीफच्या आवारात मुस्लिमेतरांना मुघरबी दरवाज्याने, ठरावीक वेळेतच सोडतात. शुक्रवारी आणि शनिवारी नाही.

आयोजन

धर्मगुरू गट जमवतो आणि कंपनी व्यवस्था पाहते, अशी वाटणी असते. ठरावीक प्रवाशांमागे एक जागा फुकट मिळते, ती बहुधा फादरांची. मिस्सासाठी, म्हणजे कॅथलिक उपासनेसाठी, चर्चमधली वेळ आधी राखून ठेवावी लागते. बेथलेहेममधली जैतुनाच्या लाकडाच्या वस्तूंची दुकाने ठरलेली असतात आणि विक्रीवर दलाली असते, हे उघड गुपित आहे. मात्र तेथील ख्रिस्ती कुटुंबांची रोजीरोटीही त्याच दुकानांवर चालते, म्हणून खरेदीचा तो तास सरसकट वाया गेला म्हणता येत नाही. निघताना बेन गुरियन विमानतळावर सामान कोणी भरले, कोणी काही दिले का, गटात एकमेकांना कसे ओळखता, असे प्रश्न विचारतात. गटातला एखादा मागे राहून तिथेच कामाला लागू नये, ही आयोजकांची कायमची धास्ती.

युद्ध आणि हिंसाचारामुळे या यात्रा वारंवार खंडित झाल्या आहेत. १६ फेब्रुवारी २०१४ रोजी सीनायहून ताबा सीमेवर आलेल्या दक्षिण कोरियन यात्रेकरूंच्या बसमध्ये स्फोट होऊन तीन कोरियन आणि इजिप्शियन चालक ठार झाले. २०१९ मध्ये इस्रायलला सुमारे ४५ लाख पर्यटक आले होते. पुढच्याच वर्षी कोविडने सगळे थांबवले आणि ७ ऑक्टोबर २०२३ नंतर पुन्हा तेच झाले. त्या वर्षी बेथलेहेममध्ये नाताळचा जाहीर सोहळाही झाला नाही.

महाराष्ट्राशी संबंध

भारत आणि इस्रायल यांचे पूर्ण राजनैतिक संबंध २९ जानेवारी १९९२ रोजी प्रस्थापित झाले. त्यानंतर या यात्रा सोप्या झाल्या. वसईतील धर्मग्रामे, मुंबई आणि गोव्यातील चर्चे येथून गट निघतात. आंध्र प्रदेश आणि तमिळनाडू सरकारांनी ख्रिस्ती यात्रेकरूंसाठी अनुदान योजनाही राबवल्या. मराठी पर्यटन कंपन्यांच्या इजिप्त-जॉर्डन-इस्रायल सहलीत हिंदू प्रवासीच जास्त असतात. तिथे उतारे वाचले जात नाहीत, मृत समुद्रावर तरंगून फोटो काढण्याला वेळ अधिक मिळतो आणि रात्रीच्या जेवणात वरणभात असतो. जेरुसलेमच्या जुन्या शहरात हेरोद दरवाज्याजवळ बाबा फरीद यांच्या नावाशी जोडलेली भारतीय धर्मशाळा आहे, पण ती दोन्ही प्रकारच्या गटांच्या वाटेत क्वचितच येते.

उलट दिशेनेही माणसे येतात. कोकणातून इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाच्या कुटुंबांतील लोक आपल्या पूर्वजांचे गाव पाहायला रायगड जिल्ह्यात उतरतात. अलिबागमधील इस्रायल आळी आणि तेथले मागेन अबोथ सिनेगॉग, नवगावची जुनी दफनभूमी आणि अलिबागजवळचे खंडाळा हे त्यांचे टप्पे. एलियाहू हनाबी, म्हणजे बायबलमधला संदेष्टा एलिया, खंडाळ्याच्या खडकावरून स्वर्गात गेला आणि त्याच्या रथाच्या खुणा तिथे उमटल्या, अशी या समाजाची श्रद्धा आहे. नवस फेडायला आलेली मंडळी तिथे मलिदा करतात.