काचेपलीकडचा देव

तमिळनाडूतली चोळकालीन उत्सवमूर्ती मंदिरात उघडी सहसा दिसत नाही. रेशमी वस्त्रं, हार, दागिने यांतून दिसतो तो चेहरा, हात आणि फार तर पावलं. ती मिरवायलाच ओतलेली असते. म्हणून पीठाला कड्या किंवा आरपार भोकं ठेवतात. त्यांत दांडे घालून, दोर आवळून मूर्ती पालखीवर किंवा रथात बसवतात. संग्रहालयात ही वस्त्रं उतरतात. नजर कमरेच्या बाकावर, बोटांच्या मुद्रेवर जाते. शेजारी फलक: ‘नटराज, कांस्य, अकरावं शतक’. ती भोकं कशासाठी, हे फलकावर नसेल तर देवाची कलाकृती व्हायला चार शब्द पुरतात.

मूर्ती कोरडी का ठेवतात, याला मात्र ठोस कारण आहे. जमिनीत पुरलेल्या मूर्तींत मिठातला क्लोराइड मुरलेला असतो. हवेतली ओल आणि ऑक्सिजन मिळाला की तांब्याच्या क्लोराइडातून आम्ल सुटतं, ते आतला ताजा धातू खातं आणि चक्र चालूच राहतं. याला कांस्यरोग म्हणतात. जुना हिरवा थर घट्ट, गुळगुळीत असतो; हा रोग फिकट हिरव्या भुकटीचे ठिपके उठवतो, सुईनं टोकरले की भुकटी झडते. अशा मूर्तीच्या पेटीत आर्द्रता ४० टक्क्यांखाली, शक्यतो ३५च्या आसपास हवी. त्यासाठी खालच्या कप्प्यात सुकवलेलं सिलिका जेल ठेवतात, पेटीतल्या जागेच्या घनमीटरला साधारण २० किलो. पेटीच्या फटी बुजवल्या नाहीत तर पावसाळ्यात ते लवकर ओलावतं. आणि घरचे देव आपण चिंचेनं उजळतो तसं इथं कधीही करू नये: आम्लानं जुना थर जातो, बरोबर पूजेच्या खुणाही. शतकानुशतकांच्या अभिषेकानं, चंदनाच्या लेपानं झिजलेले नाकडोळे हा त्या मूर्तीचा इतिहास आहे. फलकावर तो लिहायलाच हवा.

मग वस्त्रं नेसवूनच का ठेवू नये? अडचण अशी की रेशमाला ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मानवते. धातूला हव्या त्या कोरडेपणात ते कडक होऊन तडकतं. प्रकाशही ५० लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर सोसत नाही. त्यामुळे जुनं वस्त्र वेगळ्या पेटीत आणि मूर्तीशेजारी सजलेल्या देवाचं मोठं छायाचित्र, हा मार्ग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो.

मांडणीतून ओळखही घडते. वेरूळला बौद्ध, हिंदू आणि जैन लेणी एकाच डोंगरात आहेत. एका फेरीत तिन्ही पाहून होतात. संग्रहालयात तीच शिल्पं तीन दालनांत गेली की मुलांना वाटतं, ही माणसं एकमेकांना कधी भेटलीच नाहीत. कालक्रमानं किंवा गावानुसार मांडलं तर शेजार दिसतो.

मुंबईजवळच्या सोपाऱ्याचंच (आजचं नालासोपारा) बघा. १८८२ साली पुरातत्त्व अभ्यासक भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप उकलला. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, मग दगडाचा, स्फटिकाचा आणि शेवटी सोन्याचा. त्यात मातीच्या भांड्याचे तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेले. पाचही करंडक ओळीनं सुटे मांडले तर लक्ष सोन्याकडे जातं. एकात एक कसे बसतात ते उभ्या छेदाच्या चित्रात दाखवलं, तर कळतं की सोनं हे आवरण होतं आणि जपायची होती ती माती.

दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात उत्तर प्रदेशातल्या पिपरहवाच्या स्तूपात सापडलेल्या, बुद्धाच्या मानल्या जाणाऱ्या अस्थी थायलंडनं दिलेल्या सोनेरी मंडपात ठेवल्या आहेत. लोक तिथं हात जोडतात. अशा जागी पेटीसमोर बसायला दोन-तीन मीटर मोकळी जमीन सोडावी आणि फुलांसाठी पेटीपासून दूर ताटली ठेवावी. फुलांबरोबर ओल आणि किडे येतात, म्हणून ती रोज संध्याकाळी दालनाबाहेर न्यावी.