रीफरमध्ये चढण्याआधीचे आठ तास

फेब्रुवारीत नारायणगाव-जुन्नर पट्ट्यात द्राक्षांची तोडणी उजाडल्याबरोबर सुरू होते आणि ऊन तापायच्या आत आवरावी लागते. सकाळी थंडगार असलेला थॉमसन सीडलेसचा मणी दुपारी ३० अंशांच्या पुढे जातो. पुण्याहून घाट उतरून न्हावा शेवा आणि तिथून समुद्रमार्गे रॉटरडॅम, हा सगळा प्रवास या काही अंशांवर अवलंबून असतो.

रीफर, म्हणजे थंडी राखणारं यंत्र बसवलेला कंटेनर, हा चाकांवरचा मोठा फ्रीज, असा सर्रास समज आहे. तो किती चुकीचा आहे हे साध्या हिशेबावरून कळतं. चाळीस फुटी रीफरमध्ये साधारण १३ टन द्राक्षं बसतात. १ किलो द्राक्ष १ अंशाने थंड करायला सुमारे ३.७ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. म्हणजे ३० अंशांचा माल शून्यावर आणायला १३,००० × ३.७ × ३०, जवळपास १४ लाख ४० हजार किलोज्यूल. विजेच्या भाषेत ४०० युनिट. रीफरच्या यंत्राची ताकद शून्याच्या आसपास १० किलोवॅटच्या घरात असते. त्यातले दीड-दोन किलोवॅट बाहेरच्या उन्हात भिंतींतून आत झिरपणारी उष्णता काढण्यातच जातात. यंत्र अखंड पूर्ण जोराने चाललं तरी दोन दिवस सहज गेले. प्रत्यक्षात पॅलेटच्या, म्हणजे फळीवर रचलेल्या खोक्यांच्या थप्पीच्या, पोटातल्या खोक्यांपर्यंत हवा नीट पोचत नसल्याने याहून कितीतरी जास्त वेळ लागतो आणि तोवर देठ सुकलेले असतात. थंड माल थंड राखणं, एवढ्याच कामासाठी हे यंत्र बनवलेलं आहे.

म्हणून खरी थंडी पॅकहाउसमध्ये, प्रीकूलिंगच्या खोलीत द्यावी लागते. तिची रचना पाहण्यासारखी असते. पॅलेटच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या करतात, मधल्या बोळावर वरून ताडपत्री टाकतात आणि टोकाचा मोठा पंखा त्या बोळातली हवा खेचून घेतो. आत शिरायला हवेला दुसरी वाटच उरत नाही. तिला खोक्यांच्या बाजूच्या भोकांतून, घडांमधूनच जावं लागतं. अशा रीतीने सहा ते आठ तासांत मणी शून्य ते १ अंशावर येतो. ताडपत्री बाजूने उचललेली राहिली, एखाद्या खोक्याची भोकं शेजारच्या खोक्याने झाकली गेली, की हवा सोपी वाट धरते आणि मधला माल कोमटच राहतो. खोलीतली आर्द्रता ९० ते ९५ टक्के लागते. घडाच्या वजनातलं २-३ टक्के पाणी उडालं तरी देठ तपकिरी पडतो, मणी मात्र अजून टणक दिसत असतो. तोडणीपासून प्रीकूलिंगपर्यंत चार ते सहा तासांपेक्षा जास्त वेळ जाऊ नये, असा दंडक आहे तो यामुळेच.

यानंतर येतो सल्फरचा कागद, म्हणजे ग्रेपगार्ड. यात सोडियम मेटाबायसल्फाइट असतं आणि खोक्यातल्या ओलाव्याने त्यातून सल्फर डायऑक्साइड वायू सुटतो. त्याची लढाई बोट्रायटिस या करड्या बुरशीशी आहे. ही बुरशी शून्य अंशालाही वाढते, नुसत्या थंडीने मरत नाही. कागदाला दोन थर असतात: एक पहिल्या एक-दोन दिवसांत जोरात वायू सोडतो, दुसरा पुढचे काही आठवडे थोडा थोडा. माल कोमट असतानाच कागद टाकून प्लास्टिकचं अस्तर बंद केलं, तर आत पाणी धरतं, वायू एकदम सुटतो आणि मण्यांवर देठाच्या बाजूने पांढरे डाग पडतात. पुढच्या तीन आठवड्यांसाठी वायू उरत नाही तो नाहीच. म्हणून कागद प्रीकूलिंग झाल्यावरच टाकावा.

कंटेनर भरण्याला या धंद्यात स्टफिंग म्हणतात. रीफरची जमीन सपाट नसते. अॅल्युमिनियमच्या टी आकाराच्या पट्ट्यांमधून थंड हवा खालून येते, मालातून वर चढते, छताखालच्या मोकळ्या जागेतून यंत्राकडे परतते. म्हणजे प्रीकूलिंगमध्ये हवा आडवी आणि इथे उभी. खोक्याला भोकं दोन्हीकडे हवीत आणि थरावर थर चढवताना वरची-खालची भोकं एका रेषेत यायला हवीत. भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर माल गेला तर परतीची वाट बंद होते. दाराशी जागा रिकामी राहिली तर हवा तिथूनच वर निसटते. तेवढी जमीन पुठ्ठ्याने झाकून घ्यावी. दार उघडं असताना यंत्र चालू ठेवणं ही नेहमीची चूक. बाहेरची दमट हवा आत ओढली जाऊन यंत्राच्या गार नळ्यांवर, म्हणजे कॉइलवर, बर्फ धरतो आणि प्रवासाची सुरुवातच तो वितळवण्याने, म्हणजे डीफ्रॉस्टने होते.

द्राक्षाला सेट पॉइंट, म्हणजे यंत्रावर लावायचं तापमान, साधारण उणे ०.५ असतो. रसातल्या साखरेमुळे मणी उणे अडीच-तीनपर्यंत तग धरतो; देठ मात्र उणे २ च्या आसपासच गोठतो. त्यामुळे ताज्या मालासाठी यंत्र आत सोडल्या जाणाऱ्या हवेचं तापमान सांभाळतं, म्हणजे फळाला सेट पॉइंटहून फार गार झोत लागत नाही. गोठवलेल्या मालाला, उदाहरणार्थ उणे १८ अंशांच्या मटाराला किंवा कोळंबीला, ती भीती नाही. तिथे परतणाऱ्या हवेवर लक्ष ठेवतात. गोठवलेला माल श्वासही घेत नाही, त्यामुळे तो एकमेकांना चिकटवून भरता येतो. हवा भोवतीने फिरली की पुरे. १८८२ मध्ये ‘डनेडिन’ हे शिडाचं जहाज न्यूझीलंडहून ९८ दिवसांत गोठवलेलं मांस घेऊन लंडनला सुखरूप पोचलं. ताजं फळ मात्र तोडल्यावरही जिवंत असतं, उष्णता सोडत राहतं, आणि प्रत्येकाची सहनशक्ती निराळी. बारामती-इंदापूरकडचं डाळिंब ५ अंशांच्या खाली बरेच दिवस राहिलं तर सालीवर आणि आतल्या पांढऱ्या पापुद्र्यावर तपकिरी छटा येते. केळं १३ च्या खाली करडं पडतं, मग नीट पिकतच नाही. द्राक्ष आणि केळं एका कंटेनरमध्ये पाठवायचा मोह म्हणूनच टाळायचा.

कंटेनरमध्ये बाहेरची ताजी हवा घेणारी खिडकीही विसरली जाते. द्राक्षाला ती बंद किंवा जेमतेम उघडी, केळ्याला बऱ्यापैकी उघडी आणि गोठवलेल्या मालाला पूर्ण बंद. सेट पॉइंटमधलं उणे चिन्ह राहून जाणं ही तर अगदी छोटी चूक. पण उणे १८ च्या जागी अधिक १८ गेलं, तर दोन-तीन दिवसांत माल संपला.

पॅकहाउसपासून बंदरापर्यंत ट्रेलरवरचा डिझेल जेनसेट वीज देतो. बंदरात आणि जहाजावर तीन फेजचा प्लग लागतो. प्रत्येक बदलात तास-दोन तासांचा खंड पडतो. भरलेला, खरोखर थंड माल तो सोसतो. कोमट माल नाही. सुएझमार्गे न्हावा शेवा ते रॉटरडॅम तीन-चार आठवड्यांचा प्रवास. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाल्यावर बरीच जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि त्यात १० ते १४ दिवसांची भर पडली. त्या वाढीव दिवसांत ग्रेपगार्डचा दुसरा थर पुरला की नाही, हे बागेतल्या पहिल्या सहा तासांनी ठरवलेलं होतं.

रॉटरडॅमला दार उघडल्यावर खरेदीदार आधी देठ पाहतो. हिरवा असेल तर पुढचं बोलणं. नसेल तर मालात ठेवलेला लॉगर, म्हणजे तापमान नोंदवणारं छोटं यंत्र, आणि रीफरच्या यंत्राची तासातासाची नोंद काढली जाते. सोडलेली हवा पहिल्या दिवसापासून उणे ०.५ आणि परतणारी हवा मात्र आठवडाभर ४-५ अंशांवर, असा आलेख दिसला तर माल कोमट चढला होता हे उघड होतं आणि नुकसानभरपाईचा दावा तिथेच ढासळतो. स्टफिंगच्या वेळी प्रत्येक पॅलेटमधल्या निदान एका मण्यात सुईचा थर्मामीटर खुपसून आकडा, वेळ आणि पॅलेट क्रमांक लिहून ठेवायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. मणी १ अंशाच्या वर निघाला, तर ते पॅलेट परत प्रीकूलिंगला न्यावं, ट्रेलर दारात उभा असला तरी.